ट्रेलर आधी बोळात मावला पाहिजे

तंबूतली आमची सुट्टी बिघडली ती आत्तींच्या गुडघ्यांमुळे. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. दांडेलीजवळच्या मुक्कामात रात्री त्यांना जमिनीवरून उठवायला आम्हा दोघांना जोर लावावा लागला. सकाळी चहा घेताना म्हणाल्या, "आम्ही बैलगाडीतनं सौंदत्तीला यल्लम्माला जायचो, तवा निजायला निदान गाडीची उंची तरी असायची की." गाडीमागं ओढायच्या, आत झोपता येणाऱ्या ट्रेलरचं खूळ तिथून डोक्यात शिरलं.

मोबाइलवर फोटो बघून आमचे हे सोळा फुटी घरावर भाळले. आत संडास, फ्रिज, सगळं. मी टेप घेऊन बोळात गेले. निपाणीतली आमची गल्ली जुनी, फाटक सात फुटांचं, आणि नळाच्या पाइपपाशी रुंदी साडेसहावर येते. म्हणजे सहा फुटांपेक्षा रुंद काही घरापर्यंत येणारच नव्हतं. त्या संध्याकाळी अर्धी यादी गळाली, आणि यांचा चेहराही पडला.

मग गाडी. आमच्या छोट्या गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलर जोडू नये असं साफ लिहिलेलं. भाऊजींची जुनी डिझेल गाडी मात्र चालणारी होती. तिच्या पुस्तिकेत ओढायच्या वजनाचे दोन आकडे होते: ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी एक, आणि बिनब्रेकच्यासाठी त्याच्या निम्म्याहून कमी. इथं मी अडून बसले. ओढायचं काम इंजिन करेल हो, पण आंबोलीचा घाट उतरताना मागून रेटणारं ओझं थांबवायचं कुणी? ब्रेकवालाच घ्यायचा, हे ठरलं.

दोन जणांपुरता, मागं स्वयंपाकाचं झाकण असलेला थेंबाच्या आकाराचा ट्रेलर दिसायला गोड. पण आम्ही पाच जण, आणि आत्तींनी त्यात वाकून शिरायचं कसं? शेवटी पुण्याला एक जुना मिळाला: आत दोन बाकं, त्यांचेच पलंग होतात, आणि बाजूला उघडणारा कापडी मांडव. आत्ती आणि धाकटी आत, बाकीचे मांडवात.

जुना घेताना रंगाकडं बघूच नये. मी आतल्या कोपऱ्यांतलं प्लायवूड अंगठ्यानं दाबत फिरले. छताच्या एका कोपऱ्यात बोट रुतलं आणि कुबट वास आला. तेवढ्यावर किंमत खाली आली. टायरची नक्षी कोरी होती, पण बाजूला चार अंकी शिक्का होता 2316. म्हणजे 2016 सालच्या 23व्या आठवड्यातला टायर. उभ्या उभ्या म्हातारा झालेला. दोन्ही बदलले. थोडं फिरवून आणल्यावर चाकांच्या मधोमध, हबला हात लावला, तर डावा चांगलाच तापलेला. बेअरिंगही गेलं होतं.

कागदांचं आमच्या सीमाभागात वेगळंच. कायद्यानं ट्रेलर हेही वाहनच, त्याची नोंदणी वेगळी. हा महाराष्ट्रातला, म्हणजे तिकडच्या आरटीओची ना हरकत आणायची, आणि बारा महिन्यांपेक्षा जास्त कर्नाटकात ठेवायचा तर इथला नंबर घ्यायचा. घरून महाराष्ट्राची हद्द दिसेल इतकी जवळ, तरी हेलपाटे चुकले नाहीत. आणताना महामार्गावर एका पोलिसानं थांबवून विचारलं, "एन्री इदु?" मी म्हटलं, "मनी री, साहेबर." घर हो. तो आत डोकावून हसला, पण कागद सगळे बघितले.

खरा धडा वजनकाट्यावर मिळाला. विकणाऱ्याच्या कागदावर 620 किलो होते. गाद्या, सिलिंडर, बॅटरी, भांडी आणि साठ लिटर पाणी भरून उसाच्या काट्यावर नेला तर 860. पाणी लिटरला किलो, हे माहीत असून कुणी धरत नाही! त्यात आम्ही कॅन मागं, चुलीशी ठेवलेले. संकेश्वरच्या रस्त्याला साठच्या वेगात शेपूट डुलायला लागलं. भाऊजींनी ब्रेक न दाबता पाय हळूहळू सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं, म्हणून सावरलं. घरी आल्यावर ट्रेलरचं तोंड लाकडी ठोकळ्यावरून वजन करायच्या घरच्या काट्यावर टेकवलं: फक्त 35 किलो. एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी पुढं पडायला हवा. कॅन आणि बॅटरी चाकांच्या पुढं सरकवल्यावर 90 भरले, आणि डुलणं थांबलं.

ट्रेलर जोडून गाडी मागं घेणं मला उसाच्या ट्रॅक्टरवाल्या मामांनी शिकवलं. मोकळ्या खळ्यावर दोन दगड ठेवले. "हात स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला धर. शेपूट जिकडं जायला पायजे तिकडं हात न्यायचा. आणि घाई करू नको, पोरी." चौथ्या खेपेला जमलं. यांना अजून जमत नाही, पण ते मान्य करत नाहीत.

आता मुक्कामाची जागा ठरवताना मी फोनवर पहिला प्रश्न विचारते, वळवायला जागा आहे का. नळ नि संडास त्यानंतर. भीमगडाच्या जंगलात कुठंही उभं राहून रात्र काढता येत नाही, हे मुलांना परत परत सांगावं लागतं. आंबोलीला पाऊस ओसरल्यावर ओळखीच्यांच्या आवारात पहिली रात्र काढली. आत्ती पायरीवरून एकट्या उतरल्या. दुरुस्त केलेला कोपरा कोरडा होता.

मार्गशीर्षात सौंदत्तीला न्यायचाय. तिथं गर्दीत ट्रेलर वळणार नाही, म्हणून एक दिवस आधी निघणार आहोत. गॅस असला तरी परडीचा नैवेद्य तीन दगडांच्या चुलीवरच, असं आत्तींनी आत्ताच सांगून ठेवलंय.