विंडोज नव्या एसएसडीवर नेताना

आधी जुन्या डिस्कवर किती जागा वापरात आहे ते बघा. २४० जीबीच्या एसएसडीवर (चिपवर डेटा साठवणारी वेगवान डिस्क) १८० जीबीपर्यंतचा डेटा ठीक, त्याहून जास्त असेल तर फोटो-व्हिडिओ आधी बाहेर काढा. क्लोनझिला (जुनी डिस्क जशीच्या तशी नव्यावर उतरवणारा, म्हणजे क्लोन करणारा प्रोग्राम) तर नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी नसेल, तर सहसा सरळ नकारच देतं. मग जीपार्टेडने (डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, लहान-मोठे करणारा किंवा सरकवणारा प्रोग्राम) आधी सी ड्राइव्ह आकसून घ्यावा लागतो.

एसएसडी घेण्याआधी लॅपटॉपचा स्लॉट तपासा. एम.२ आकाराची कार्डं दिसायला सारखीच, पण जोडणीची पद्धत दोन प्रकारची: साटा (जुनी) वेगळं आणि एनव्हीएमई (नवी, जास्त वेगवान) वेगळं. साटाच्या स्लॉटमध्ये एनव्हीएमई चालत नाही. दुकानदार हे दर वेळी सांगेलच असं नाही.

बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर तो थांबवा आणि ते कुलूप उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बॅकअप तर हवाच.

क्लोन झाला की मशीन बंद करा, जुनी डिस्क काढा आणि मगच पहिल्यांदा सुरू करा. दोन्ही डिस्कची ओळख एकच असल्यामुळे विंडोज त्यातली एक ऑफलाइन टाकतं, किंवा गुपचूप जुन्यावरूनच सुरू होतं आणि आपण वेग का वाढला नाही म्हणून डोकं खाजवत बसतो.

साटावरून एनव्हीएमईवर जाताना निळा पडदा (विंडोज कोलमडल्याचा संदेश) आला, तर एकदा सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरवर चालणारं विंडोज) सुरू करून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानेच ड्रायव्हर लागतो. मोठ्या एसएसडीवर सी वाढवताना विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधलं ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकट दिसतं, म्हणजे दाबता येत नाही, कारण मध्ये रिकव्हरीचं पार्टिशन आडवं येतं. जीपार्टेडने ते शेवटाला सरकवा.