काकूंचा सोफा

मी इंग्लंडात स्लाउला इन्व्हेंटरी क्लार्क आहे, म्हणजे भाडेकरू यायच्या आधी घरात जाऊन भिंतीवरचे ओरखडे, ओव्हनचे डाग, मीटरचं रीडिंग सगळं फोटोसकट लिहून काढायचं. मागच्या नोव्हेंबरात एका मराठी काकांचं दोन मजली घर होतं, फर्निश्ड, आणि चार वाजता पुण्याहून आलेलं जोडपं आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन चाव्या घ्यायला येणार होतं.

हॉलमध्ये शिसवी लाकडाचा सोफा, सांगलीत सुताराकडून करून घेऊन कंटेनरमधून आणलेला, कापड काकूंनी स्वतः निवडलेलं, आणि काकू जाऊन तेव्हा तीन वर्षं झालेली. मी एकेक कुशन उलटं करून लेबल शोधलं, नाहीच. चेन उघडून बघितलं तर आतला फोम पिवळाजर्द, बोट लावलं की भुगा होत होता.

इथे 1988 चा नियम आहे की भाड्याच्या घरातला सोफा, गादी, हेडबोर्ड, कुशनं सगळं आगीच्या टेस्टला टिकणारं हवं, पेटती सिगरेट पडली तरी भडकता कामा नये, आणि सोफ्याला तसं शिवलेलं लेबल असतं, वर मोठ्या अक्षरांत 'केअरलेसनेस कॉजेस फायर'. 1950 च्या आधीचं फर्निचर यातून सुटतं. पडदे, कार्पेट, पांघरुणं यात येतच नाहीत, पण घरमालक नेमकं त्यांचंच विचारत बसतात आणि सोफा राहून जातो.

काका म्हणाले, "अगं पंचवीस वर्षं बसलोय आम्ही त्याच्यावर, काय झालं का? तू आपलीच ना, लिहून टाक ओके."

मला खरंच वाईट वाटत होतं पण मी त्यांना मँचेस्टरचं सांगितलं, 1979 साली वूलवर्थ्सच्या दुकानात फर्निचर विभागाला आग लागली आणि 10 माणसं गेली, त्या फर्निचरमध्ये असाच फोम होता, तो पेटला की काळा धूर येतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, सायनाइड असतं, ज्वाळा पोचायच्या आधी माणूस धुरानंच पडतो. म्हटलं काका, इथे बाळ रांगणार आहे, मी जे दिसलं तेच लिहिणार.

ते काही बोलले नाहीत. मी वर गेले.

वर जिन्यापाशी स्मोक अलार्मला प्लास्टिकची पिशवी रबरबँडनं बांधलेली, आत बॅटरी नाही. आधीचे भाडेकरू फोडणी दिली की वाजतो म्हणून कंटाळले असणार. हे मी आपल्या लोकांच्या घरात इतक्यांदा बघते की आता रागच येतो. प्रत्येक मजल्यावर निदान एक चालू अलार्म हवाच, आणि भाडं सुरू होतं त्या पहिल्याच दिवशी मालकानं तो वाजतोय का बघायचं असतं, नाही पाळलं तर काउन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, 5,000 पौंडांपर्यंत दंड लावू शकते. बॉयलर असलेल्या खोलीत 2022 पासून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लागतो, तो तेवढा होता. फोडणीचा त्रास असेल तर किचनमध्ये हीट अलार्म लावा ना, तो धुरावर नाही, उष्णतेवर वाजतो, आणि स्मोक अलार्म बाहेर पॅसेजमध्ये राहू दे.

खाली आले तर काका सोफ्याच्या हातावरून हात फिरवत उभे. मग त्यांनीच पुतण्याला फोन केला, तो व्हॅन घेऊन आला, आणि तिघांनी मिळून सोफा बाहेर काढला. स्वतःच्या घरी नेतो म्हणाले, तिथे ठेवायला त्यांना कोणी अडवणार नव्हतं. जोडप्याला सांगितलं दोन दिवसांत नवा येईल, तर ती मुलगी म्हणाली चालेल हो, आम्ही चटई आणलीये. नव्या बॅटऱ्या घालून मी झाडूच्या दांड्यानं दोन्ही मजल्यांवरचे स्मोक अलार्म वाजवून दाखवले.

पण घरी जाताना डोक्यात तोच सोफा, आणि त्या घरात एकटे काका.

आठवड्यानं त्यांचा फोन आला. "अगं, माझ्याकडचा अलार्म बघितला, वाजतच नाहीये. बॅटरी कुठली आणू?"