तीनदा स्विच मारला की उठणारा बोर्ड

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात २४ रेपियर मागांवर आमचे पिक (आडव्या धाग्याची एकेक फेक) मोजणारे बोर्ड बसवलेले आहेत. कॉर्टेक्स-ए७ प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, ४ जीबी ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली साठवणीची चिप) आणि एसडी कार्डाचा एक रिकामा स्लॉट. त्यांची लिनक्स इमेज, म्हणजे बोर्डावर चढणारी अख्खी सिस्टीम, योक्टो या बिल्ड साधनावर तयार होते. ती योक्टोच्या डनफेल आवृत्तीवरून कर्कस्टोनवर नेली, म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.४ चा ५.१५ झाला, आणि तक्रार सुरू झाली : लाइट जाऊन आली की काही बोर्ड उठतच नाहीत.

आपल्याकडे पहिला संशय व्होल्टेजवर, मग उन्हावर, मग मागावरून उडणाऱ्या कापसाच्या तंतूंवर. शोधले तर तिन्हींचे पुरावे मिळतात. पण मागांची देखभाल करणारा जॉबर म्हणाला, "साहेब, तीन-चारदा स्विच मारला की येतंय बघा. पण मग वर जुनाच नंबर दिसतोय." कामाचं होतं ते दुसरं वाक्य.

या बोर्डांवर सिस्टीमच्या दोन प्रती, म्हणजे स्लॉट, असतात, ए आणि बी. अपडेटचं काम राऊक हा प्रोग्रॅम बघतो. कर्नलच्या आधी चालणारा बूटलोडर, यू-बूट, प्रत्येक स्लॉटला ३ संधी देतं. प्रत्येक बूटला एक संधी कमी करून ते आपल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (सेटिंग जपून ठेवायच्या जागेत) लिहून ठेवतं. सिस्टीम नीट उठली की आकडा परत ३ होतो. इमेजच्या आवृत्तीचा जुना नंबर दिसतोय म्हणजे नव्या स्लॉटच्या तिन्ही संधी वाया जाऊन बोर्ड जुन्या स्लॉटवर गेलाय. वीज, ऊन, तंतू यांना ए आणि बी मधला फरक कळत नाही. दोष नव्या इमेजमध्येच होता.

अडकलेल्या बोर्डाला सिरीयल केबल लावली, ११५२०० बॉड. शेवटची ओळ होती : रूट डिव्हाइस एमएमसीबीएलके१पी२ ची वाट पाहत आहे. म्हणजे सिस्टीमच्या फाइली (रूट) जिथे आहेत ते १ क्रमांकाच्या एमएमसीचं दुसरं पार्टिशन सापडत नव्हतं. त्यापुढे काहीच नाही. ना पॅनिक, ना रीसेट. जरा वर पाहिलं तर ईएमएमसी व्यवस्थित सापडली होती, फक्त १ ऐवजी ० या क्रमांकाने.

कारण असं. कर्नल ५.१० पासून एमएमसीचे (एसडी कार्ड आणि ईएमएमसी या दोघांचे) बहुतेक ड्रायव्हर एकमेकांसाठी न थांबता समांतर प्रोब होतात, म्हणजे आपापलं हार्डवेअर एकाच वेळी शोधतात. पूर्वी एसडीचा कंट्रोलर ठरलेल्या क्रमाने आधी यायचा आणि ० घ्यायचा; कार्ड नसलं तरी ईएमएमसी १ वरच. आता जो आधी पोचेल त्याला ०, एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसं. फरक काही मिलिसेकंदांचा, म्हणून एकच बोर्ड कधी उठतो, कधी नाही. आणि आमच्या यू-बूटच्या स्क्रिप्टमध्ये रूटचा पत्ता क्रमांकासकट पक्का लिहिलेला.

टेबलावर हा दोष दाखवायचा तर आधी कारखान्यात गेलेलीच इमेज तंतोतंत पुन्हा बांधता यायला हवी. सगळे लेयर (योक्टोच्या रेसिपींचे संच) कॅस या साधनाच्या लॉक फाइलमध्ये कमिटनिशी, म्हणजे सोर्सच्या नेमक्या आवृत्तीनिशी, बांधलेले होते आणि इमेज-बिल्डइन्फो क्लासमुळे त्याच कमिटची यादी बोर्डावरही होती. दोन्ही जुळवून पाहिल्या. कर्नलच्या रेसिपीत ऑटोरेव्ह (दर वेळी सर्वात नवा सोर्स घेणं) ठेवलं असतं तर हा ताळा लागलाच नसता, कारण आजचं बिल्ड आणि मागचं बिल्ड वेगळ्या कर्नलचं निघालं असतं.

मग यूएसबी रिलेने १२ व्होल्टचा पुरवठा तोडायचा, जोडायचा, लॉगिन प्रॉम्प्ट येतो का ते स्क्रिप्टने बघायचं, असं रात्रभर. इथे एक खोच आहे. पुरवठा तोडला तरी सिरीयल केबलच्या टीएक्स (पाठवणाऱ्या) तारेतून ३.३ व्होल्ट बोर्डाच्या आरएक्स (घेणाऱ्या) पिनमध्ये झिरपतात. बोर्ड धड बंद होत नाही आणि कोल्ड बूटची चाचणी खोटी ठरते. त्यामुळे ती तार काढून फक्त बोर्डाची टीएक्स आणि ग्राउंड ठेवायची, आणि कपॅसिटर रिकामे व्हायला निदान १० सेकंद द्यायचे. असं केल्यावर टेबलावरचा बोर्डही अडकू लागला.

दुरुस्ती म्हणून बहुतेक जण रूटचा पत्ता पार्टयूयूआयडीने (पार्टिशनच्या स्वतःच्या न बदलणाऱ्या ओळखीने) देतात आणि थांबतात. बोर्ड उठतोही. पण यू-बूटचं एन्व्हायर्नमेंट लिनक्समधून लिहायचं साधन आपल्या कॉन्फिग फाइलमधला क्रमांकच वाचतं. क्रमांक उलटे लागले की ते भलत्याच ठिकाणी लिहायला जातं, संधींचा आकडा ३ वर येत नाही, आणि तीन चांगल्या बूटनंतर यू-बूट चांगल्या स्लॉटलाही नापास करतं. राऊकच्या कॉन्फिगमध्येही स्लॉटचे पत्ते क्रमांकानेच होते. अर्धी दुरुस्ती इथे मूळ दोषापेक्षा वाईट, कारण ती उशिरा बाहेर पडते.

पक्का इलाज डिव्हाइस ट्रीत, म्हणजे बोर्डावर कोणतं हार्डवेअर आहे ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये : एमएमसी० म्हणजे एसडी, एमएमसी१ म्हणजे ईएमएमसी, असे दोन एलियास (ठरवून दिलेली नावं). हे एलियास कर्नल ५.१० पासून मानले जातात. आमच्या बोर्डाच्या फाइलमध्ये ते नव्हतेच. योक्टोच्या डेव्हटूलने कर्नलचा सोर्स उघडला, दोन ओळी घातल्या. दर वेळी ईएमएमसी न लिहिता नुसता डीटीबी (डिव्हाइस ट्रीची तयार फाइल) टीएफटीपीने नेटवर्कवरून चढवून तपासला आणि डेव्हटूल फिनिशने पॅच आपल्या लेयरमध्ये टाकला. एसस्टेट कॅश (आधी बांधलेल्या भागांचा साठा) शाबूत असल्याने कर्नल आणि इमेज एवढंच पुन्हा बांधलं गेलं. पार्टयूयूआयडीही ठेवला, पण जोडीला.

राहिला प्रश्न : वॉचडॉग (ठरल्या वेळात कुणी थोपटलं नाही तर बोर्ड रीसेट करणारं घड्याळ) असताना बोर्ड नुसता बसून का राहिला? यू-बूट वॉचडॉग सुरू करतं, पण यूजरस्पेसने (कर्नलवर चालणाऱ्या प्रोग्रॅमांनी) तो हाती घेईपर्यंत कर्नल स्वतःच त्याला थोपटत राहतो. रूटच मिळालं नाही तर ते थोपटणं संपत नाही. कर्नलच्या कमांडलाइनवर वॉचडॉगचा ओपन टाइमआउट (कर्नलने किती वेळ थोपटायचं ती मर्यादा) ६० सेकंद दिला. आता रूट सापडलं नाही तर बोर्ड आपणच रीसेट होतो. बूट स्क्रिप्टही इमेजच्या आतच असल्यामुळे हे सगळं एकाच राऊक बंडलमधून (अपडेटच्या फाइलमधून) गेलं. जे बोर्ड जुन्या स्लॉटवर उठले होते त्यांनी ते तिथूनच घेतलं. जे अडकूनच होते त्यांना जॉबरचीच युक्ती वापरून आधी जुन्या स्लॉटवर आणावं लागलं.