समुद्रात किती सोडलंत?

नॉर्वेतलं हाउगेसुंद हे गाव हेरिंग माशाच्या जिवावर उभं राहिलं. जुने लाकडी मासळी-वखारींचे तट अजून सुंदाच्या, म्हणजे गावातल्या अरुंद सामुद्रधुनीच्या, काठाला दिसतात, बहुतेकांत आता रेस्टॉरंटं झालीत. त्याच पाण्यातून हल्ली ज्या बोटी बाहेर पडतात त्यांच्यावर जाळी नसतात. डेकवर भलीमोठी क्रेन असते आणि दोन्ही अंगाला एकेक पिंजरा, त्यात पाण्याखाली काम करणारे रोबो. मी अशाच एका बोटीवरची ‘केमिकलवाली’. समुद्रतळावरची पाईपलाइन दुरुस्तीला उघडायची असेल तर तिच्यातून पाण्यात काय आणि किती जाईल ते आधी सांगायचं, आणि काम झाल्यावर खरंच तेवढंच गेलं का ते मोजायचं, हे माझं काम.

नॉर्वेच्या समुद्रात गॅसच्या मोठ्या पाईपलाइनींचं जाळं सुमारे ८,८०० किलोमीटरचं आहे. त्यातली लांगेलेद ही एकटीच न्यूहाम्नापासून इंग्लंडमधल्या ईझिंग्टनपर्यंत जवळपास १,१६६ किलोमीटर जाते. शिवाय विहिरींपासून प्लॅटफॉर्मपर्यंत येणाऱ्या लहान लाइनी वेगळ्याच. या सगळ्याची देखभाल म्हणजे बहुतांशी कंटाळवाणं काम. रोबो पाईपवरून कॅमेरा फिरवत जातो, कुठे खालची वाळू वाहून गेली आणि पाईप अधांतरी लोंबकळतोय ते बघतो, गंज पाईपऐवजी स्वतःच्या अंगावर घेणारे ॲल्युमिनियमचे ॲनोड किती झिजले ते तपासतो. यातल्या कशातही पाण्यात काही सोडावं लागत नाही. माझी झोप उडते ती एखादा व्हॉल्व्ह किंवा पाईपचा तुकडा बदलायचा ठरला की.

इथला कायदा समुद्रात जाऊ शकणाऱ्या प्रत्येक रसायनाला चारपैकी एक रंग देतो: हिरवा, पिवळा, लाल, काळा. रंग ठरतो चाचण्यांवरून. समुद्राच्या पाण्यात २८ दिवसांत त्याचं किती विघटन होतं? ते प्राण्यांच्या चरबीत साठत जातं का? आणि सूक्ष्म शेवाळ, कोपेपॉडसारखे बारीक जीव, तळाच्या गाळात राहणारे किडे, मासे यांना ते किती मात्रेला मारतं? काळं म्हणजे तत्त्वतः बंदी, सुरक्षेसाठी दुसरा इलाजच नसेल तरच. लाल वापरायचं तर खास परवानगी आणि सोबत ‘याला पर्याय कधी शोधताय’ याचा जबाब. पिवळं परवान्यानुसार चालतं. हिरव्यात मीठ, बेंटोनाइट माती, ग्लायकॉल अशी मंडळी येतात. यातली बरीचशी ओस्पार कराराच्या यादीत आहेत. ईशान्य अटलांटिकच्या काठावरच्या देशांनी १९९२ मध्ये पॅरिसला हा करार केला, तो १९९८ पासून लागू आहे.

नॉर्वे सरकारने १९९६-९७ च्या श्वेतपत्रिकेत ‘शून्य विसर्ग’ हे ध्येय मांडलं. ते ऐकून मी इथे आले तेव्हा मला वाटलं होतं की एक थेंबसुद्धा सोडत नसतील. तसं नाही. शून्य हे घातक गोष्टींसाठी आहे. हिरवं द्रव्य रीतसर, हिशेब देऊन सोडलं जातं, आणि त्याचाही लिटर-लिटर वार्षिक अहवालात जातो. मला ही पद्धत प्रामाणिक वाटते. ‘आम्ही काहीच सोडत नाही’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘एवढं सोडलं, हे सोडलं, या तारखेला सोडलं’ म्हणणाऱ्यावर माझा जास्त विश्वास बसतो.

तर काम असं. समजा, तीनशे मीटर खोलीवर दहा इंची पाईपचा वीस मीटरचा एक तुकडा बदलायचाय. त्याला स्पूल म्हणतात. दहा इंची पाईपच्या एका मीटरमध्ये साधारण पन्नास लिटर मावतं, म्हणजे या स्पूलमध्ये हजार लिटर. आत काय आहे? गॅससोबत आलेलं कंडेन्सेट म्हणजे हलकं तेल, विहिरीचं पाणी, पाईप गंजू नये म्हणून सतत सोडलं जाणारं औषध. ते औषध कधी पिवळं असतं, कधी लाल. सरळ बोल्ट सोडले तर हे सगळं समुद्रात.

म्हणून आधी दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करायचे. एकावर भिस्त ठेवायची नाही, दोन अडसर हवेत, आणि मधला दाब तासन्‌तास बघत बसायचं. काटा हलला तर कुठला तरी व्हॉल्व्ह पाझरतोय. मग बोटीवरून एक लांब होज खाली सोडून त्यातून ग्लायकॉल ढकलायचं. इथे सगळे त्याला मेगच म्हणतात. मेग पुढे, आतला माल त्याच्याही पुढे, असं करत सगळं प्लॅटफॉर्मकडे रेटत न्यायचं. तिथे पाणी आणि तेल वेगळं करायची यंत्रणा असतेच. त्या पाण्यातलं तेल समुद्रात सोडताना महिन्याच्या सरासरीने लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं, हाही ओस्पारचाच आकडा. प्लॅटफॉर्मकडे नेणं जमत नसेल तर दुसरी होज लावून माल उलटा बोटीवरच्या टाकीत घ्यायचा आणि बंदरात टँकरला द्यायचा. हे महाग आणि किचकट पडतं, त्यामुळे यावरून बैठकीत हमखास वाजतं.

मेगच का, साधं पाणी का नाही? कारण तळाशी पाणी सहा-सात अंशांवर असतं. एवढ्या थंडीत आणि दाबाखाली गॅस आणि पाणी एकत्र आले की बर्फासारखा घट्ट गोळा होतो आणि पाईप चोंदतो. मेग ते होऊ देत नाही, आणि ते हिरव्या यादीत आहे.

शेवटचा बोल्ट सुटायच्या आधी आत आणि बाहेर दाब सारखा करावा लागतो. तीनशे मीटरवर समुद्राचाच दाब तीस बारच्या आसपास असतो. आत जास्त असेल तर पिचकारी, कमी असेल तर समुद्र आत. सारखा केला तरी एक गंमत उरते: मेग समुद्राच्या पाण्यापेक्षा जड, ते पाईपच्या खोलगट भागात बसून राहतं; कंडेन्सेट हलकं, त्याला जरा फट मिळाली की ते वर पळतं. त्यामुळे माझं निम्मं लक्ष पाईपच्या उंच-सखलपणावर असतं. कुठल्या वळणाच्या टाळूला तेल अडकून राहू शकतं, तिथे धुताना मेगचा वेग पुरला का, हे मी महिनाभर आधी नकाशावर पेन्सिलीने खुणा करून ठेवते.

रोबोची कंट्रोल रूम म्हणजे एक अंधारा कंटेनर. भिंतभर स्क्रीन, दोन पायलट, कॉफीचे कागदी पेले, आणि कुणी ना कुणी वेफर्स खात असतं. बाहेर वादळ असो की ऊन, आत काही कळत नाही. फ्लँज, म्हणजे पाईपचे तुकडे बोल्टांनी जोडणारी कडी, सुटतो तेव्हा कॅमेऱ्यात आधी काहीच दिसत नाही. मग फटीपाशी पाणी थरथरल्यासारखं होतं, सरबत ढवळण्याआधी पेल्यात साखरेच्या जशा रेघा दिसतात तशा. ते मेग. तेवढं अपेक्षित असतं, परवान्याच्या अर्जात लिहिलेलं असतं. मी श्वास रोखून बघत असते ते वर जाणाऱ्या थेंबांसाठी. गोल, चमकदार, घाईघाईने वर निघालेले थेंब दिसले तर ते तेल. पायलट अशा वेळी माझ्याकडे न बघता एवढंच म्हणतो, “तुझं कॅल्क्युलेटर काढ.” थेंबांचा आकार, किती मिनिटं, दर मिनिटाला किती, असा अंदाज बांधून लॉगमध्ये वेळेसकट नोंद करायची. बऱ्याचदा नेमक्या याच वेळी एखादा जाडजूड कॉड कॅमेऱ्यासमोर येऊन ठाण मांडतो. पाईपलाइनच्या आडोशाला मासे हमखास असतात, आणि रोबोच्या दिव्यांचं त्यांना भारी कुतूहल.

पाझर ओळखता यावा म्हणून कधी द्रवात हिरवट चमकणारा रंग घालतात. आता त्या रंगालाही रंग आहे! म्हणजे गळती शोधायला जे घालायचं तेही परवान्याच्या तक्त्यात. तीच गत बोल्टांना लावायच्या ग्रीसची. पहिल्या वर्षी मला हा अतिरेक वाटायचा. एका वरिष्ठ बाईंनी शांतपणे सांगितलं की तक्त्यात ग्रीस आलं म्हणूनच ग्रीस बनवणाऱ्यांनी नवं, लवकर विघटन होणारं ग्रीस काढलं. त्यावर मला काही बोलता आलं नाही.

गळतीचा सगळ्यात नेहमीचा धनी मात्र पाईप नसतो, रोबोच असतो. त्याचे हात, त्याचे पंखे हायड्रॉलिक तेलावर चालतात, आणि होज म्हटली की कधीतरी फुटणारच. पायलटला टाकीची पातळी उतरताना दिसते, तो पंप बंद करतो, तोवर काही लिटर गेलेले असतात. ते ‘अपघाती विसर्ग’ म्हणून नोंदवायचं, का झालं ते शोधायचं. म्हणून आता बरेच जण लवकर विघटन होणारी तेलं वापरतात.

मग माणूसच का पाठवत नाहीत? मुंबई हायला समुद्र पाऊणशे-ऐंशी मीटर खोल, तिथे पाणबुडे अजून भरपूर कामं करतात. इथे पाणबुड्यांच्या कामाची मर्यादा १८० मीटर धरली जाते, त्याखाली सगळं यंत्राने. त्यामागे एक कडू इतिहास आहे. तेलयुगाच्या सुरुवातीच्या दशकांत उत्तर समुद्रात फार खोल उतरलेले कितीतरी पाणबुडे मेंदूच्या आणि फुप्फुसांच्या आजारांनी कायमचे खचले. ते थेट स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले आणि २०१३ मध्ये न्यायालयाने नॉर्वेला दोषी धरलं. एवढा पुढारलेला देश, पण हे कबूल करायला त्याला कित्येक वर्षं लागली.

मी मूळची उरणची. मुंबई हायचे पाईप आमच्याच किनाऱ्याला लागतात, त्यामुळे लहानपणापासून रात्रीच्या आकाशात प्लांटची ज्योत बघत वाढले. करंजाचे आमचे एक काका अजून होडी घेऊन जातात. फोनवर त्यांचा ठरलेला प्रश्न: “तुमच्या त्या पायपांनी मासली मरत नाय का गो?” मी त्यांना रंगांचं समजावायला गेले तर म्हणाले, “रंग ऱ्हाऊदे, तिथल्या मासेवाल्यांना इचारतान का?” विचारतात, काका. मासे अंडी घालतात तो काळ आणि त्या जागा बघून कामाचं वेळापत्रक लागतं, आणि मच्छीमारांच्या संघटना अर्जांवर हरकती घेतात, कडाकडा भांडतात. काकांना हे भांडणं फार आवडलं. बाकी काही पटलं नसावं.

उलट मासेमारीच्या जाळ्यांचा आणि नांगरांचा पाईपला त्रास होतो तो वेगळाच. २००७ मध्ये इथल्या क्विटेब्योर्न क्षेत्राच्या गॅसलाइनला एका जहाजाच्या नांगराने ओढून पन्नासेक मीटर बाजूला सरकवलं होतं, २१० मीटर खोलीवर. पुढच्या वर्षी तिथूनच गळती लागली आणि लाइन बंद करावी लागली. २०२३ च्या ऑक्टोबरात फिनलंड-एस्टोनियामधली बाल्टिककनेक्टर गॅसलाइनही नांगरानेच तुटली. अशा वेळेसाठी हाउगेसुंदला दुरुस्तीची अवजारं कायम सज्ज ठेवलेली असतात. मोठमोठे चिमटे, कापायची, वेल्डिंगची यंत्रं, सगळी दुरून चालणारी. मला त्यात सगळ्यात कौतुक वाटतं ते चालू पाईपला फाटा काढायच्या कसबाचं. २०१२ मध्ये ओस्गार्द क्षेत्रात २६५ मीटर खोलीवर, वाहत्या गॅसलाइनवर दुरून वेल्डिंग करून नवा फाटा जोडला आणि मग त्या फाट्यातून मूळ पाईपला भोक पाडलं. पाईप रिकामा करायचाच नाही, त्यामुळे सोडायचा प्रश्नच नाही. माझ्या धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात चांगलं काम ते, जिथे माझी गरजच पडत नाही.

पण एक गोष्ट मला खटकते आणि ती मी इथे बोलून दाखवली तर लोक हसून विषय बदलतात. मागे एका कामात दोनेकशे लिटर पिवळं औषध समुद्रात जाऊ नये म्हणून आम्ही पर्यायी होज मागवली. ती येईपर्यंत बोट जागच्या जागी थांबून राहिली. अशी बोट एका जागी स्थिर राहायला इंजिनं सतत चालू ठेवते, दिवसाला दहा टनांच्या पुढे डिझेल सहज जाळते. औषधाचा हिशेब माझ्या तक्त्यात, धुराचा हिशेब दुसऱ्याच कुणाच्या. दोन तक्ते शेजारी ठेवून कुणी बघत नाही. मी बैठकीत हे काढलं तेव्हा आमचा प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाला, “परवाना औषधाचा आहे.” खरं आहे त्याचं. होज आली, काम झालं, लॉगमध्ये पिवळ्यापुढे शून्य लागलं. आता आमच्या विभागाने ठरवलंय की पुढच्या हंगामापासून अर्जाच्या मसुद्यातच प्रत्येक पर्यायापुढे बोटीचे जादा दिवस आणि डिझेल लिहायचं. ग्राहक कंपनी तो रकाना ठेवते की खोडते, ते जानेवारीच्या बैठकीत कळेल. खोडला तर मी पुन्हा घालणार आहे.