ऐकू आलं तेवढंच लॉगमध्ये: सीक्यू वर्ल्ड वाइडची नोंद

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारची सीक्यू वर्ल्ड वाइड एसएसबी, म्हणजे हौशी (हॅम) रेडिओवाल्यांची जगभरच्या स्टेशनांशी बोलून गुण मिळवायची स्पर्धा, आटोपली. आपल्या घड्याळाने शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू, सोमवारी पहाटे साडेपाचला बंद. लॉग, म्हणजे झालेल्या संपर्कांची नोंद, पाच दिवसांच्या आत पाठवायचा असतो, तो गेला. गच्चीवरची इन्व्हर्टेड व्ही पावसाळ्यातून शाबूत निघाली, एवढं सांगून अँटेनाचा विषय मिटवतो. ही नोंद नियमांबद्दल आहे, कारण या हंगामात जे जे सुधारायला गेलो, तिथे कुठला ना कुठला नियम आधीच येऊन बसलेला होता.

सुरुवात गोंगाटापासून. सोसायटीत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. ४० मीटरच्या बँडवर रात्री सिग्नलची ताकद दाखवणारी सुई नुसत्या गोंगाटानेच एस-७ च्या खाली उतरत नव्हती, त्यात नुकतीच दिवाळी झालेली, माळा अजून सगळीकडे लटकलेल्या. एलईडीच्या स्वस्त माळा म्हणजे एचएफवाल्यांचा (लघुलहरींवर बोलणाऱ्यांचा) शत्रूच. अशा वेळी ब्राउझरमध्ये वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकता येणारा दूरचा रिसीव्हर, उघडण्याचा मोह होतो. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर लावला की इथे खरखरीत बुडालेली युरोपियन स्टेशनं खणखणीत ऐकू येतात. एरवी आपला सिग्नल तिकडे कसा पोहोचतोय हे बघायला मीही तो वापरतो. स्पर्धेत चालत नाही: ट्रान्समीटर, रिसीव्हर, अँटेना सगळं ५०० मीटर व्यासाच्या वर्तुळात हवं. मला हा नियम पटतो. तिकडच्या अँटेनाने ऐकायचं आणि श्रेय इथल्या गच्चीने घ्यायचं, यात मजा ती काय?

मग उरला मेहनतीचा मार्ग. रिग (रेडिओ संच) बॅटरीवर चालवून घरातले एमसीबी एकेक करून पाडले. राउटरचा अडॅप्टर आणि बाल्कनीतल्या माळेचा ड्रायव्हर हे दोघे घरभेदी निघाले. जिन्यातल्या दिव्यांसाठी सेक्रेटरीकाकांना रेडिओवरची खरखर प्रत्यक्ष ऐकवली. त्यांनी एका मजल्यावरचे दिवे बदलून दिले, बाकीचे 'पुढच्या मीटिंगमध्ये बघू'. एकूण साधारण दोन एस-युनिटचा फरक पडला. पूर्वी नुसती कुजबुज वाटायची तिथे आता कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) उलगडतो.

आता वर्गवारी. मी सिंगल ऑपरेटर, लो पॉवर, अनअसिस्टेड. लो पॉवर म्हणजे १०० वॅटपर्यंत, त्यामुळे ५० वॅटची मर्यादा असलेले व्हीयू३ (आपल्याकडच्या मर्यादित परवान्याचे) मित्रही याच वर्गात येतात. अनअसिस्टेड म्हणजे क्लस्टर (कोण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे हे सांगणारी ऑनलाइन यादी) बंद, स्पॉट (त्यातली एकेक सूचना) बंद, डायल फिरवायची आणि शोधायचं. क्लस्टर वापरण्यात गैर काहीच नाही, त्यासाठी असिस्टेड वर्ग आहे. स्क्रीनवर स्पॉट बघत खेळायचं आणि लॉगवर अनअसिस्टेड लिहायचं, हे मात्र गैर. कोणाला कळणार, असं वाटणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की लॉग जाहीर होतात आणि समितीकडे बँडची एसडीआर (सॉफ्टवेअर रेडिओवरची) रेकॉर्डिंग असतात. दुर्मिळ स्टेशनचा स्पॉट पडल्यावर लगेच बँड बदलून तिथे पोहोचायचं, असं एखाद्याच्या लॉगमध्ये पुन्हा पुन्हा दिसलं तर ते नजरेत भरतंच.

व्हॉट्सॲप ग्रुपचंही तसंच. स्पर्धेच्या आधी 'मी या वेळी उतरतोय' सांगायला हरकत नाही. स्पर्धा चालू असताना 'अमुक फ्रिक्वेन्सीवर आहे, या' असा मेसेज टाकणं किंवा कोणाला 'माझा स्पॉट टाक' म्हणणं सीक्यू वर्ल्ड वाइडमध्ये बसत नाही. अमेरिकेतल्या एआरआरएल या हौशी रेडिओ संघटनेच्या व्हीएचएफ स्पर्धांत स्वतःचा स्पॉट चालतो, तेव्हा एका स्पर्धेची सवय दुसरीत नेऊ नका.

सगळ्यात जास्त बदल लॉगिंगमध्ये केला. सॉफ्टवेअर कॉलसाइनवरून झोन (जगाच्या ठरवलेल्या भागाचा क्रमांक, जो प्रत्येकजण संपर्कात सांगतो) आपोआप भरतं आणि आपण न ऐकताच एंटर मारतो. अमेरिकन माणूस कॅलिफोर्नियातून फ्लोरिडाला गेला तरी जुना डब्ल्यू६ कॉलसाइन ठेवू शकतो. मग संगणक म्हणतो झोन ३, तो सांगत असतो ५. म्हणून आता अमेरिकेपुरतं आपोआप भरणं बंद करून कानावर पडलेला झोन हाताने टाकतो. वेग थोडा कमी होतो, होऊ दे. अर्धवट कॉलसाइन टाकल्यावर सॉफ्टवेअर जी संभाव्य नावं सुचवतं, त्यातलं बरं दिसेल ते उचलायचं नाही, पुन्हा विचारायचं. चुकीचा कॉलसाइन लॉगमध्ये गेला तर तो क्यूएसओ (संपर्क) रद्द होतोच, वर त्याच्या गुणांच्या दुप्पट दंड. तीन गुणांसाठी सहा गमवायचे, हा कुठला व्यवहार?

आणि स्पर्धा संपली की लॉगला हात लावायचा नाही. ऑनलाइन डेटाबेस, रेकॉर्डिंग, ईमेल करून विचारणं, कशाच्याही आधारे नंतर कॉलसाइन दुरुस्त करायचा नाही, असं नियमात स्पष्ट आहे. माझ्या लॉगमध्ये एक-दोन नावं शंकेची वाटतात. राहू देत.

४० मीटरवरची आणखी एक गोष्ट खास आपल्यासाठी. आपली हद्द ७.२०० मेगाहर्ट्‌झला संपते, अमेरिकन ७.३०० पर्यंत बोलतात. ७.२०० च्या वर एखादा छान ऐकू येतो, मल्टिप्लायरही (एकूण गुणांना गुणणारा झोन किंवा देश) नवा असतो, पण लायसन्स म्हणतं नाही, म्हणजे नाही. तो स्वतः 'खाली ७.१६० ला ऐकतोय' म्हणाला तर स्प्लिट (ऐकायचं एका, बोलायचं दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर) लावा, नाहीतर पुढे चला.

हवेतले रीतिरिवाज थोडक्यात. सीक्यू (कोणीही उत्तर द्या, अशी हाक) लावण्याआधी फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का, हे थांबून दोनदा विचारा. तुम्हाला ऐकू न येणारं कोणीतरी तिथे असू शकतं. १४.१०० वर बीकन (खुणेचा सिग्नल पाठवणारी स्टेशनं) असतात आणि १४.३०० आणीबाणीसाठी आहे, तिथून लांब राहा. आपला झोन २२ बाहेरच्यांना हवा असतो, त्यामुळे व्हीयूवर (भारतीय स्टेशनवर) पाइलअप (एकदम हाका मारणाऱ्यांची गर्दी) लवकर जमतो. तेव्हा दर मिनिटाला तरी आपला कॉलसाइन द्या. नुसतं 'थँक यू, क्यूआरझेड (पुढचं कोण?)' करत राहिलात तर नवा आलेला तुमचं नाव ऐकायला ताटकळतो किंवा मधेच विचारून गोंधळ घालतो. आणि एखाद्या व्हीयू३ने बोलावलं तर उत्तर द्या. देशातल्या देशात शून्य गुण आहेत हे खरं, पण त्याला कदाचित झोन आणि देश असे दोन मल्टिप्लायर मिळत असतात.

नोव्हेंबरच्या सीडब्ल्यूलाही (मोर्सच्या स्पर्धेलाही) अनअसिस्टेडच, म्हणजे स्किमर (मोर्स आपोआप वाचणारं सॉफ्टवेअर) आणि रिव्हर्स बीकन नेटवर्क (अशा स्किमरांचं ऑनलाइन जाळं) दोन्ही बंद. तोवर शेजारच्या इमारतीच्या सोलर इन्व्हर्टरचं काहीतरी करायचंय. दिवसा १५ मीटरवर तोच छळतो. पॅनेलकडून येणाऱ्या डीसी वायरींवर मिक्स ३१ चे फेराइट (गोंगाट अडवणारी कडी) लावून बघायचे आहेत, त्यांची परवानगी मिळाली तर. कोणी हे करून पाहिलं असेल तर किती वेढे घेतले ते कळवा. ७३ (शुभेच्छा).