ॲबसिंथला माचिस नको, थेंबाथेंबानं पाणी द्या

ॲबसिंथ म्हणजे बडीशेप आणि वर्मवूड नावाची कडू वनस्पती घालून गाळलेली कडक दारू. तिची बाटली दिसली की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: "पेटवायची कधी?" चमच्यात दारूत भिजवलेली साखर, वरून माचिस, निळी ज्योत, हे सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलंय. पण हा प्रकार जुना नाही. १९९०च्या दशकात चेक प्रजासत्ताकातल्या बारमधून तो पसरला. साखर करपते, जळका वास ग्लासात उतरतो आणि साठ-सत्तर टक्के अल्कोहोल असलेल्या दारूचा भडका हातावर यायला वेळ लागत नाही. घरात तर हा खेळ अजिबात करू नका.

आम्ही रावेर तालुक्यातले केळीवाले. मुळाशी थेंब-थेंब पाणी दिलं तर काय फरक पडतो, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. ॲबसिंथचंही तंतोतंत तसंच आहे. ही दारू नुसती प्यायची नसतेच. तिची सगळी करामत पाणी किती गार आणि किती सावकाश पडतं, त्यात आहे.

माझा भाचा स्वित्झर्लंडला असतो. यंदा सुट्टीत येताना त्यानं व्हाल-द-त्राव्हेर खोऱ्यातली बाटली आणली. अठराव्या शतकाच्या अखेरीस ॲबसिंथ याच खोऱ्यात जन्मली. बाटली पाहून आमचे अमळनेरचे साडू म्हणाले, "ही हिरवी कुठंय?" दारू गाळून झाल्यावर तिच्यात वनस्पती भिजवल्या की हिरवा रंग येतो. आमची बाटली बिनरंगाची होती. स्वित्झर्लंडमध्ये १९१० ते २००५ बंदी होती, तेव्हा खोऱ्यातले लोक चोरून गाळायचे ती अशीच, पाण्यासारखी दिसणारी. १९०५ साली तिथं एका मजुरानं बायको-मुलींना गोळ्या घातल्या. त्या दिवशी त्यानं वाईन भरपूर ढोसली होती, पण खापर फुटलं ॲबसिंथवर. फ्रान्सनंही १९१५ साली बंदी घातली. हिच्यामुळे वेड लागतं, भास होतात, या गोष्टी तेव्हापासून चालत आल्यात. तसं काही होत नाही. सांभाळायचं असतं ते अल्कोहोलपासून, कारण ते रमपेक्षाही बरंच जास्त असतं.

आता कृती. उभा, अरुंद ग्लास घ्या आणि त्यात ३० मिली ॲबसिंथ ओता. जास्त नको. ग्लासावर जाळीचा खास चमचा आडवा ठेवतात, पण तो घ्यायची गरज नाही, जेवणाचा काटा चालतो. त्यावर साखरेचा क्यूब ठेवतात. आमच्या गावात क्यूब मिळत नाहीत, म्हणून मी बत्तासा ठेवला. पोकळ असल्यामुळे तो थेंब पितो, खचतो आणि काट्यातून खाली झिरपतो. मला तर क्यूबपेक्षा हेच आवडलं. गोड नको असेल तर काहीच ठेवू नका.

पाणी फिल्टरचं घ्या, बोअरचं जड पाणी नको. त्यात भरपूर बर्फ घालून पाणी दातांना कळ लावेल इतकं गार करा. बर्फ पाण्यात, ग्लासात नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, बाटलीही कोमट असते, त्यामुळे यात कसूर चालत नाही. धार नको म्हणून मी पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला सुईनं भोक पाडलं आणि हलकेच दाबत थेंब सोडले.

मग नुसतं बघत बसायचं. पहिल्या थेंबांबरोबर तळाशी तेलकट तारा फिरायला लागतात. मग खालून धुकं चढतं, वर स्वच्छ पट्टा राहतो, तो पातळ-पातळ होत जातो आणि एका क्षणी दिसेनासा होतो. साडू जवळ सरकून म्हणाले, "हाई तं दूध व्हई गयं!" ॲनिस (बडीशेपेसारख्या वासाचं बी) आणि बडीशेप यांच्यात ॲनेथॉल नावाचं सुगंधी द्रव्य असतं. ते अल्कोहोलमध्ये विरघळतं, पाण्यात नाही. पाणी वाढलं की ते बारीक थेंबांनी सुटं होतं आणि ग्लास दुधाळतो. वासही तेव्हाच उघडतो: आधी बडीशेप, मागून वर्मवूडचा कडसर, रानटी दरवळ. आपला चैत्रातला दवणा वर्मवूडच्याच, आर्टेमिसिया नावाच्या वनस्पती-गटातला आहे. एका ॲबसिंथला तीन ते पाच पट पाणी घालतात. मी चारवर थांबतो.

जेवणाआधी, ऊन उतरल्यावर घ्यावी. सोबत केळीचे वेफर्स किंवा खारे शेंगदाणे पुरेत. शेवभाजी किंवा भरिताबरोबर घेऊ नका. तिखट-लसणापुढे या वासाचं काही चालत नाही, आणि भरितावरही अन्याय होतो.

कोणी वर्मवूड मागवून ते व्होडकात भिजवायचा घाट घालत असेल तर त्याला थांबवा. ॲबसिंथ गाळलेली असते. वनस्पतीतला जहाल कडूपणा गाळताना मागे राहतो, नुसतं भिजवलं की सगळा उतरतो. घरी गाळणं तर बेकायदाच. विकत आणा, परवाना काढा आणि २५च्या आतल्या पोरांना देऊ नका.

उरलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवू नका, गारठ्यानं ॲनेथॉलचे पांढरे कण धरू शकतात. धरलेच तर बाटली बाहेर काढून ठेवा, विरघळतात. हिरवी असेल तर उजेडात रंग उडतो. आमची आतल्या खोलीतल्या कपाटात आहे, गव्हाच्या कोठीशेजारी.