तुम्ही विचारलंत म्हणून: लेकीला खालच्या नंबरला का नाही खेळवत?

गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न मला दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत विचारला गेलाय, व्हॉट्सअ‍ॅपवर विचारला गेलाय, आणि सांगलीहून माझ्या आईनेसुद्धा विचारलाय. "अगं, पोरगी शाळेच्या टीममध्ये एवढं छान टेनिस खेळते, मग प्लेऑफला कोचला सांगून तिला जरा खालच्या नंबरला लाव ना, समोर कच्ची मुलगी येईल, पॉइंट पक्का!" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, मला माहितीये, पण रांगेत ताट धरून दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून आता एकदा नीट लिहितेय.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. टेक्सासमध्ये सरकारी शाळांच्या स्पर्धा यूआयएल (युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग) ही संस्था घेते, टेनिसपासून बँड आणि डिबेटपर्यंत सगळ्या. टेनिसचे दोन सीझन असतात. वसंतात वैयक्तिक, म्हणजे सिंगल्स, डबल्स किंवा मिक्स्ड यातलं एकच काहीतरी निवडायचं आणि जिल्ह्यात पहिल्या दोघांत आलात तर पुढे. आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर टीम टेनिस, ज्यात मुलं-मुली मिळून एकच टीम असते. तुमचा प्रश्न या टीम टेनिसबद्दलचा आहे.

एका लढतीत 19 मॅचेस असतात. आधी डबल्स, मुलांच्या तीन, मुलींच्या तीन आणि एक मिक्स्ड, अशा सात. मग सिंगल्स, सहा मुलांच्या आणि सहा मुलींच्या, आपला एक नंबर समोरच्यांच्या एक नंबरशी, दोन दोनशी, असं सहापर्यंत. प्रत्येक मॅचला एक पॉइंट, जो आधी 10 करेल तो जिंकला. 19 विषम आकडा आहे त्यामुळे बरोबरी होत नाही. एका खेळाडूला एक डबल्स आणि एक सिंगल्स खेळता येते, त्याहून जास्त नाही, आणि मिक्स्ड खेळलं की तीच त्याची डबल्स. म्हणजे डबल्स पूर्ण भरायलाच सात मुलं आणि सात मुली लागतात. ऑगस्टमधल्या दुपारी, पारा शंभर फॅरनहाइटच्या वर, कोर्टवरून वाफा येतायत आणि ही 14 पोरं ओला टॉवेल मानेवर टाकून पुढच्या मॅचची वाट बघतायत, हे मी कितीतरी वेळा बघितलंय.

आता मुख्य मुद्दा. एक नंबरच्या मॅचचा पॉइंट आणि सहा नंबरच्या मॅचचा पॉइंट सारखाच असतो. तुमची सगळ्यात तगडी मुलगी जिंकली तरी एक, सहावी जिंकली तरी एकच. म्हणूनच नियम असा आहे की लाइनअप ताकदीच्या क्रमाने लावायची, सिंगल्समध्ये जो सगळ्यात चांगला तो एक, मग दोन, असं खाली. जाणूनबुजून हा क्रम फिरवला तर त्याला स्टॅकिंग म्हणतात आणि ते नियमाविरुद्ध आहे.

का, ते कागद-पेन घेऊन बघा. समजा दोन्ही शाळा अगदी तुल्यबळ आहेत, आमचा एक त्यांच्या एकइतका, आमचा दोन त्यांच्या दोनइतका. आता आमच्या कोचने सहाव्या मुलाला उचलून एक नंबरला टाकलं. तो हरणार हे सगळ्यांना माहिती. पण बाकीचे सगळे एकेक पायरी खाली सरकले, आमचा एक त्यांच्या दोनशी, आमचा दोन त्यांच्या तीनशी, आणि आमचा पाच त्यांच्या सहाशी. एक गेली, पाच आल्या. हेच मुलींमध्ये केलं की बारा सिंगल्सपैकी 10 आल्या, आणि 10 म्हणजे अख्खी लढत! डबल्सच्या सातही मॅचेस हरलात तरी चालतंय. एवढी ताकद आहे या एका खोटेपणात, आणि त्याची किंमत भरतो तो सहावा मुलगा, ज्याला मुद्दाम हरायला पाठवलंय. पंधरा वर्षांच्या पोराला 0-6, 0-6 खायला उभं करायचं आणि वर त्याला सांगायचं की हे टीमसाठी आहे, हे मला कधीच पटणार नाही.

यावर माझ्या दिरांनी एकदा छान प्रश्न काढला होता. ते बुद्धिबळवाले. म्हणाले, 2024 च्या बुडापेस्ट ऑलिम्पियाडला अर्जुन एरिगेसीचं रेटिंग गुकेशपेक्षा जास्त होतं तरी तो तिसऱ्या बोर्डावर खेळला, 11 पैकी 10 गुण केले, आपल्याला गोल्ड मिळालं, मग ते स्टॅकिंग नाही का? नाही. तिथे टीमने आपला क्रम आधी कळवायचा असतो, तो रेटिंगप्रमाणेच हवा असं बंधन नाही, आणि एकदा दिला की स्पर्धाभर तोच. सगळ्यांना हे माहीत असतं, समोरचाही तेच करू शकतो. तिसऱ्या बोर्डाला तिथे कोणी कमी समजत नाही, नागपूरच्या दिव्या देशमुखने त्याच स्पर्धेत तिसऱ्या बोर्डाचं वैयक्तिक गोल्ड मिळवलं. आमच्याकडे नियमच वेगळा आहे.

अमेरिकेतही सगळीकडे सारखं नाही हं. माझी नणंद न्यू जर्सीत आहे, तिच्या मुलाच्या शाळेत तीन सिंगल्स, दोन डबल्स, सात जणांत खेळ संपला, तीन मॅचेस घेतल्या की जिंकलात, आपल्या जुन्या डेव्हिस कपसारखं. मला सगळ्यात आवडते ती सदर्न कॅलिफोर्नियाची पद्धत. तिथे तीन सिंगल्सवाले समोरच्या तिघांशीही एकेक सेट खेळतात, डबल्सच्या तीन जोड्याही तशाच, एकूण 18 सेट, 9-9 झालं तर गेम्स मोजायचे. प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळणार असेल तर कोणाला वर लावलं नि कोणाला खाली याने काही फरकच पडत नाही, प्रश्नच मिटला. आपल्याकडे असं हवं होतं असं मला खूपदा वाटतं, पण मुलं-मुली एकत्र टीममध्ये असण्याची मजा मग गेली असती, आणि ती मला सोडायची नाहीये.

कोचच्या हातात काहीच नसतं असं नाही. दोन बेस्ट मुली डबल्सला एकत्र ठेवायच्या की वेगवेगळ्या जोड्यांत वाटायच्या, मिक्स्डला कोणाला द्यायचं, कोणाला सिंगल्सला विश्रांती द्यायची, हे सगळं डोकं लावायचं काम आहे आणि ते रीतसर आहे. आणि टीममधला क्रम ठरवायला चॅलेंज मॅचेस असतात. लॅडरवर, म्हणजे टीमच्या क्रमवार यादीत, खालच्याने वरच्याला आव्हान द्यायचं, जिंकला तर जागा बदलली. लढतीच्या दिवशी दोन्ही कोच लाइनअपचे कागद एकमेकांना देतात आणि विषय संपला.

टीममधला कोणी खेळूच शकला नाही तर काय, हेही विचारता तुम्ही. तर टेक्सासमध्ये 1984 पासून कायदा आहे, शाळेच्या एका विषयात 70 मार्कांच्या खाली गेलात की किमान तीन आठवडे मॅच बंद, प्रॅक्टिसला येता येतं फक्त (काही वरच्या लेव्हलच्या विषयांना सूट असते). मागच्या सीझनला आमचा मुलांमधला दोन नंबर असाच बाहेर बसला. अशा वेळी राखीव मुलाला सरळ दोनवर टाकायचं नसतं, तीनचा दोन होतो, चारचा तीन, आणि नवा मुलगा तळाला येतो. सगळ्यांना अचानक एकेक अवघड मॅच.

आमच्याशी स्टॅकिंग झालंय का? एका शाळेने केलं असं मला आजही वाटतं. त्यांच्या मुलींमधली एक नंबर लागोपाठ डबल फॉल्ट करत होती आणि चार नंबरवाली आमच्या मुलीला बॉलला हात लावू देत नव्हती. अशी तक्रार जिल्ह्याच्या कमिटीकडे जाते, पण आमच्या कोचने केली नाही, पुरावा काय देणार म्हणाले. मला राग आला होता, अजूनही आहे.

आता माझ्या लेकीचं. मागच्या सप्टेंबरमध्ये ती चार नंबरला होती आणि नववीतल्या एका मुलीने चॅलेंज मॅचमध्ये तिला 8-6 हरवलं. ती पाचवर गेली. घरी येताना गाडीत एक शब्द बोलली नाही, रॅकेटची ग्रिप काढून पुन्हा गुंडाळत बसली. प्लेऑफच्या दुसऱ्या राउंडला पाचवरच खेळली. डबल्सनंतर 4-3 आम्ही पुढे, मग अंधार पडला, लाइट लागले, आणि 9-8 झालं तेव्हा दोनच कोर्टवर खेळ चालू होता, तिच्या आणि मुलांच्या तीन नंबरच्या. तिने पहिला सेट 4-6 घालवला होता, दुसऱ्यात 5-2 पुढे होती, सर्व्हिस तिची. मी कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी धरून उभी. तेवढ्यात पलीकडच्या कोर्टवर आरडाओरडा झाला, मुलगा जिंकला, 10 झाले. तिने टॉस केलेला बॉल तसाच हातात झेलला, समोरच्या मुलीशी नेटपाशी हात मिळवला आणि धावत सुटली, पलीकडच्या कोर्टकडे. स्कोअरशीटवर तिच्या नावापुढे अपूर्ण एवढंच लिहिलं गेलं.

रात्री आईचा फोन. "मग ती जिंकली का हरली?" मी म्हटलं, आई, टीम जिंकली, तिची मॅच राहिली. आई म्हणाली, "राहिली म्हणजे? पूर्ण करू द्यायची ना पोरीला!" मी तेच लेकीला सांगितलं तर ती पास्ता खात खात म्हणाली, आजीला सांग त्या मुलीचा बॅकहँड फार भारी होता, तिसरा सेट अवघड गेला असता.

यंदा ऑगस्टमध्ये लॅडर नव्याने लागली. सध्या ती चारवर आहे, आणि गुरुवारी पाचवाली तिला चॅलेंज करणारे.